एका जाळ्याची जागा: इतुरीच्या जंगलातला एक तंटा

पार्श्वभूमी

हे प्रकरण म्बुटी लोकांच्या एका शिकारी टोळीचं आहे. ठिकाण इतुरीचं जंगल, एपुलू नदीचा परिसर. तेव्हाचा बेल्जियन काँगो, आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक. काळ १९५७-५८चा. मानववंशशास्त्रज्ञ कॉलिन टर्नबुल तेव्हा या टोळीबरोबर राहत होते आणि तंटा त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. घटनाक्रम त्यांच्या वृत्तांतातून घेतला आहे. टोळीतल्या माणसांची नावं इथं वगळली आहेत. घटनेचा अर्थ लावताना मात्र टर्नबुल यांच्या पलीकडे जावं लागतं, कारण समता आणि मत्सर यांच्याविषयीचं बरंच महत्त्वाचं लेखन त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत झालं.

तंटा जाळ्यावरून झाला, तेव्हा जाळ्याची शिकार कशी चालते ते आधी नीट पाहायला हवं. एकेक जाळं कमरेएवढ्या उंचीचं आणि तीस मीटरहून लांब असतं, वेलीच्या सालीपासून वळलेल्या दोरीचं. जाळं एकेका कुटुंबाच्या पुरुषाच्या मालकीचं. शिकारीच्या जागी पोचल्यावर ही जाळी टोकाला टोक भिडवून झुडपांवर अडकवतात आणि त्यांचा मोठा अर्धगोल करतात. पुरुष आपापल्या जाळ्यामागं भाला घेऊन दबा धरतात. बायका आणि मुलं अर्धगोलाच्या उघड्या तोंडाकडून हाकारे घालत, झुडपं बडवत आत येतात. छोटी हरणं, मुख्यतः डुइकर, पळत येऊन जाळ्यात अडकतात. ज्याच्या जाळ्यात जनावर पडलं त्याचं ते; पण हाकारे घालणाऱ्यांना आणि शिकार न मिळालेल्यांना त्यातला वाटा जातोच.

या पद्धतीच्या दोन बाजू आहेत आणि तंट्याचं मूळ दोन्हींत आहे. एक म्हणजे माणसं पुरेशी लागतात. सहा-सात जाळी नसतील तर अर्धगोल इतका तोकडा पडतो की जनावर बाजूनं निसटून जातं. दुसरं म्हणजे जाळं कुठं लागलं यावर बरंच अवलंबून असतं. हाकारे आणि इतरांची जाळी यांच्या मधोमध कुणी आपलं जाळं उभं केलं, तर पळणारी पहिली जनावरं त्याला मिळतात. उरलेली तिथंच बिचकून वाट बदलतात आणि मागच्या रांगेत थांबलेले हात चोळत बसतात.

त्या मोसमात तळावर मोलिमो हा गाण्याचा विधी चालू होता. टोळीतल्या एका मान्यवर वृद्धेचा मृत्यू झाला होता आणि त्यानंतर महिनाभराहून अधिक काळ पुरुष रोज रात्री मधल्या शेकोटीभोवती जमून गात. म्बुटींची यामागची समजूत साधी आहे. जंगल आपल्या लेकरांचं वाईट करणार नाही. काही वाईट झालं तर जंगल झोपलं असलं पाहिजे. म्हणून त्याला गाऊन जागं करायचं. मोलिमोसाठी रोज प्रत्येक झोपडीतून थोडं अन्न आणि जळण गोळा होई. गाण्याला प्रत्येक पुरुषानं यावं, जागं राहावं अशी अपेक्षा असे.

पेच

टोळीचे दोन तळ होते. मुख्य तळ मोठा. त्याला लागून, पण आपली छोटी मोकळी जागा वेगळी राखून, चार-पाच कुटुंबांचा कडेचा तळ. त्यातला एक वयस्क, अनुभवी शिकारी हा या प्रकरणाचा केंद्रबिंदू. चार-पाच जाळ्यांवर शिकार होत नसल्यामुळे त्याचं कुटुंब मुख्य तळाबरोबर शिकारीला जाई. कुरबुर आधीपासूनच होती. मोलिमोला हे लोक हात आखडता घेतात, गाण्याला येतात न येतात, खायला मात्र हजर असतात, असं मुख्य तळावर बोललं जाई. त्या शिकाऱ्याचीही तक्रार होती: आपल्या वयाच्या आणि हाताच्या मानानं जाळ्यांच्या रांगेत आपल्याला चांगली जागा मिळत नाही.

शिकारीच्या दिवशी सकाळी जंगलात शिरताना एका झाडाच्या बुंध्याशी शेकोटी पेटवतात. शिकार मागण्याआधी जंगलाचा मान राखायचा, हा त्यामागचा भाव. त्या दिवशी हा शिकारी ठरल्या शेकोटीपाशी सगळ्यांबरोबर थांबला नाही. लोकांनी ते पाहिलं, आपसात पुटपुटले, पण तोंडावर कुणी काही बोललं नाही. पुढं हाकारे सुरू झाल्यावर त्यानं इतरांच्या नकळत आपलं जाळं रांगेच्या पुढं लावलं. पहिली जनावरं त्याला मिळाली. पण वेळेत जाळं काढून मागं सरकणं त्याला जमलं नाही आणि तो उघडा पडला.

टर्नबुल यांच्या मते म्बुटींच्या नजरेत याहून मोठे गुन्हे फार थोडे, आणि हा गुन्हा क्वचितच घडतो. असं का, हे लक्षात घेतलं पाहिजे. इथं मांस चोरीला गेलं असं म्हणणं अपुरं आहे. जनावर अजून कुणाचंच झालेलं नव्हतं. त्यानं काढून घेतली ती प्रत्येकाची समान संधी. वाटणीतली समता नंतर संध्याकाळी, तळावर परतल्यावर घडते. त्याआधी रांगेतली समता असते आणि सगळी शिकार तिच्या भरवशावर चालते.

समोर असलेले पर्याय

म्बुटींमध्ये मुखिया नाही, न्यायनिवाडा करणारं मंडळ नाही. त्यामुळे पर्याय कुणी एकानं मांडून तोलले असं झालं नाही. संध्याकाळी शेकोटीभोवती जे बोललं गेलं, जे पुटपुटलं गेलं, त्यातून ते दिसतात.

पहिला पर्याय अंगावर जाण्याचा. प्रत्येक पुरुषाकडे भाला असतो आणि राग पुरेसा होता. हा आपल्याच भाल्यावर पडून मरो, असे शाप ऐकू आले. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स वुडबर्न यांनी १९८२ साली समतावादी समाजांची जी मांडणी केली, तिच्यात हा मुद्दा ठळक आहे: शस्त्र सगळ्यांकडे असल्यामुळे कुणीही कुणावर कायमचा वरचढ होऊ शकत नाही. पण याच कारणानं मारामारी महागात पडते. एक भाला उगारला की दुसरा उगारला जातो, आणि दोन्ही तळांत नातीगोती गुंतलेली होती.

दुसरा पर्याय कडेच्या तळाला तोडून टाकण्याचा, म्हणजे वाळीत टाकण्याचा. तिसरा पर्याय गप्प बसून त्याच्या पुढच्या शिकारीवर डोळा ठेवण्याचा. सकाळी शेकोटीपाशी त्यांनी नेमकं हेच केलं होतं आणि दुपारी त्याचं फळ मिळालं. चौथा पर्याय त्याला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावून मांस काढून घेण्याचा.

काय केलं

मुख्य तळावरचे पुरुष मोलिमोच्या शेकोटीशी जमले. तो आला, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. त्याच्या वयाचा माणूस आला की एखादा पोरगा उठून जागा देतो. त्या संध्याकाळी कुणी उठलं नाही. त्यानं एका तरुणाला जागा सोडायला लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या पोरानं जनावरं जमिनीवर लोळतात असं ऐकवलं. तळावर आल्यापासून 'जनावर' हा शब्द त्याच्यासाठी सर्रास वापरला जात होताच.

त्यानं आधी इन्कार केला. इतरांशी चुकामूक झाली, हाकारे ऐकू आले म्हणून होतो तिथंच जाळं लावलं, असं तो म्हणाला. कुणाचा विश्वास बसला नाही. मग त्यानं पवित्रा बदलला: मी जुना शिकारी, माझ्या माणसांचा प्रमुख, मला रांगेत यापेक्षा चांगली जागा मिळायला हवी. इथं तंट्याचा रंग पालटला. मुख्य तळावरच्या एका ज्येष्ठानं वाद घातलाच नाही. हा मोठा माणूस आहे, मुखिया आहे, हे त्यानं मान्य करून टाकलं. आणि म्बुटींमध्ये मुखिये नसतात, तेव्हा यानं आपली माणसं घेऊन दुसरीकडं जावं, तिथं शिकार करावी, तिथं मुखियापण करावं, असं सुनावलं.

शिकाऱ्याला स्वतःची गणितं चांगली ठाऊक होती. चार-पाच जाळ्यांवर त्याचं पोट भरणार नव्हतं. त्यानं माफी मागितली, सगळं मांस देतो म्हणाला. लोक तडक त्याच्या तळावर गेले. बायकांना काय होणार याचा अंदाज आधीच आला होता. छपराच्या पानांखाली, रिकाम्या भांड्यांत त्यांनी मांस दडवलं होतं. तेही शोधून काढलं. चुलीवर शिजत असलेली भांडीसुद्धा रिकामी केली. तो रडला, पोट धरून उपासमारीचं गाऱ्हाणं गाऊ लागला, तर लोक हसले.

निष्पत्ती

मांस मुख्य तळावर आलं आणि रात्रीचं जेवण झालं. मग त्याचाच एक नातेवाईक, जो मुख्य तळावर राहत होता, रश्शासकट मांसाचं भांडं घेऊन गुपचूप कडेच्या तळावर गेला. कुणी हटकलं नाही. रात्री उशिरा मोलिमोचं गाणं रंगात आलं तेव्हा तो शिकारी इतर पुरुषांमध्ये बसून गात होता. टोळी फुटली नाही, रक्त सांडलं नाही, आणि सकाळी जाळ्यांची संख्या तेवढीच राहिली.

निर्णयाचे क्षण

माझ्या मते सगळ्यात मोलाचा क्षण त्या ज्येष्ठानं 'मुखिया' शब्द उचलून धरला तो आहे. 'तू मोठा नाहीस' म्हटलं असतं तर मोठेपणाच्या पुराव्यांवर रात्र गेली असती: कुणाची शिकार किती, कुणाचं वय किती. दावा मान्य केल्यावर दाव्याची किंमत समोर आली. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर बोम यांनी १९९३ साली मांडलं की अशा समाजांत उतरंड नसते असं नाही, ती उलटी असते. वर चढू पाहणाऱ्याला बाकीचे सगळे मिळून खाली ठेवतात. इथं ते किती कमी साधनांत झालं पाहा: एक न सोडलेली जागा, एक उलटवलेला शब्द.

पण हे साधन चाललं ते जाळ्यांच्या गणितामुळे. वुडबर्न यांच्या मांडणीत समतेचा एक मोठा आधार म्हणजे उठून निघून जाण्याची मुभा. ती इथं दोघांना सारखी नव्हती. मुख्य तळ चार जाळ्यांवाचून शिकार करू शकत होता. कडेचा तळ मुख्य तळावाचून करू शकत नव्हता. इतुरीतलेच एफे लोक मुख्यतः धनुष्यबाणानं शिकार करतात आणि त्यासाठी एवढी माणसं लागत नाहीत. तिथं 'दुसरीकडे जा' या वाक्याला एवढी धार आली नसती. समतावादी समाजातला हा निवाडा शक्तीच्या असमतोलावर उभा होता, ही बाब या प्रकरणाच्या गोड वर्णनांत हमखास निसटते.

मत्सराचं काय? मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज फॉस्टर यांनी १९७२ साली मत्सराला तोंड देण्याच्या चार रीती क्रमानं सांगितल्या: आधी दडवणं, ते जमलं नाही तर नाकारणं, मग तोंडदेखला वाटा देणं आणि अगदी निरुपाय झाला तर खरं वाटून टाकणं. फॉस्टर यांचं काम मेक्सिकोतल्या शेतकरी गावातलं, तरी हा क्रम इथं जवळजवळ तसाच उतरतो. छपराखालचं मांस हे दडवणं, चुकामुकीची गोष्ट हे नाकारणं. तोंडदेखल्या वाट्याची पायरी मात्र गाठलीच नाही, कारण समोरच्यांनी ती येऊ दिली नाही; भांडी थेट रिकामी झाली. निकोलस पीटरसन यांनी १९९३ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींविषयी लिहिताना दाखवलं की शिकारी समाजात वाटणी बरेचदा देणाऱ्याच्या उदारपणातून होत नाही, ती मागणाऱ्याच्या हक्कातून होते. दाता मोठा होण्याची सोयच राहत नाही.

फॉस्टर यांची चौकट जिथं अपुरी पडते तो भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या गावात सुख मोजकं आहे अशी समजूत आहे. एकाला मिळालं म्हणजे दुसऱ्याचं गेलं. म्हणून तिथं शेजाऱ्याच्या मत्सराची धास्ती. शेजारच्या गावांतले शेतकरी, ज्यांच्याशी म्बुटींची देवघेव चाले, मृत्यू झाला की चेटूक कुणी केलं ते शोधत. म्बुटींच्या मोलिमोत तो शोध नाही. मृत्यूचा दोष कुणा माणसावर जात नाही, झोपलेल्या जंगलावर जातो, आणि जंगलाला शिक्षा करायची नसते, गाणं ऐकवायचं असतं. वृद्धेच्या मृत्यूनंतर महिनाभर चाललेल्या या वातावरणात कडेच्या तळावर 'तुमच्यामुळे वाईट झालं' असा आळ घेणं अगदी सोपं होतं. ते कायमच दूर राहणारे, कुरकुरणारे. आळ आला नाही. तंटा मांसाचा होता आणि तो मांसावरच राहिला.

मोलिमोचा दुसरा परिणाम वेळेचा. गाणं त्याच रात्री होणार होतं आणि त्याला पुरुष हवे होते. म्हणजे तंट्याला मुदत होती. अपमान संध्याकाळी, जप्ती लगेच, भांडं अंधारात, गाणं रात्री. यात माफी कुणी जाहीर केली नाही. पोटात काहीतरी घालून त्याला गाण्यापर्यंत आणलं, पुढचं गाण्यानं केलं. नातेवाइकाचं ते भांडं अधिकृत असतं तर शिक्षा मागं घेतल्यासारखं दिसलं असतं. लपून नेल्यामुळे शिक्षा शिक्षा राहिली आणि माणूस उपाशी राहिला नाही. सगळ्यांनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, हा या प्रकरणातला एकमेव निर्णय जो कुणी शब्दांत घेतला नाही.

वर चढू पाहणाऱ्याला खाली ठेवण्याचं हे काम इतरत्र आधीच उरकून घेतात. कलहारीतल्या जुहोआन्सींमध्ये मोठी शिकार करून आलेला माणूस गप्प बसतो आणि इतर लोक मांस किती फालतू आहे यावर तोंडसुख घेतात. शिवाय मांसाचा मालक शिकारी ठरत नाही, ज्याचा बाण त्याचं मांस, आणि बाण तर आपसात फिरत असतात. टांझानियातल्या हाड्झांमध्ये झाडाच्या सालीच्या चकत्या उडवून खेळायचा लुकुचुको हा जुगार बाण, सुऱ्या, मणी अशा वस्तू एका हातात साचू देत नाही. म्बुटींच्या जाळ्यांवर असा कोणताही आगाऊ उपाय नव्हता. जाळं ज्याचं त्याचं, म्हणून जागेचा हेवा जिवंत राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

सकाळच्या शेकोटीपाशी बोलायला हवं होतं. विधी चुकवणं हा पहिला इशारा होता आणि तो सगळ्यांनी वाचलाही. तेव्हाचा एक टोमणा संध्याकाळच्या जप्तीपेक्षा कितीतरी स्वस्त पडला असता. कुरबुर पोटात ठेवायची आणि उघड चूक सापडली की सगळी एकदम काढायची, ही सवय मुखिया नसलेल्या समूहात सहज लागते, कारण पहिला शब्द कुणी काढायचा हे कुणाचंच काम नसतं.

दुसरी गोष्ट जाळ्याच्या जागेची. त्याची तक्रार खरी होती की खोटी, यावर त्या संध्याकाळी एक शब्द झाला नाही. 'मी मुखिया' म्हणून त्यानं ती स्वतःच बुडवली. पण जागा आळीपाळीनं बदलण्याची बोलणी दुसऱ्या दिवशी, डोकी थंड असताना, होऊ शकली असती. शिक्षेनं वागणं सुधारलं, जागेचा प्रश्न होता तिथंच राहिला, आणि तो माणूस तोच राहिला.

तिसरी गोष्ट वृत्तांताची. सगळा तंटा पुरुषांच्या शेकोटीवरून पाहिलेला आहे. टर्नबुल स्वतः मुख्य तळाच्या माणसांत राहत होते आणि म्बुटींचं जंगलाशी असलेलं नातं त्यांनी फार सुंदर रंगवलं, शेजारच्या शेतकऱ्यांवरचं अवलंबन कमी लेखून, अशी टीका त्यांच्यावर पुढं झालीच. त्याच मोलिमोच्या शेवटी एक वृद्धा येऊन गाणाऱ्या पुरुषांच्या गळ्यांत दोरीचे फास अडकवते, सगळे गाणं थांबवून बांधले गेल्याचं कबूल करतात आणि ठरलेली भेट देऊन सुटका करून घेतात, हे त्यांनीच नोंदवलं आहे. स्त्रियांचा हक्क विधीत एवढ्या उघडपणे मान्य करणाऱ्या टोळीत, जप्तीच्या संध्याकाळी रिकामी झालेली भांडी कडेच्या तळावरच्या बायकांची होती. हाकारे त्यांनीही घातले होते, म्हणजे मांसात त्यांचा स्वतःचा वाटा होता. तो वाटा नवऱ्याच्या चुकीपायी गेला की नाही, याची वेगळी दखल त्या संध्याकाळी कुणी घेतली नाही, आणि या प्रकरणावरच्या चर्चेतही हा प्रश्न मागंच पडतो.